समीक्षक चुकले म्हणजे नेमकं काय चुकलं?

नमस्कार,

नव्या आणि परतणाऱ्या मालिकांबद्दल वृत्तपत्रांतले समीक्षक जे निकाल देतात, त्यांची बाजू घेऊन मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि रागाने लिहिलेली आहे. मला ती आवडली, कारण इतक्या पोटतिडकीने या विषयावर कुणी भांडायला येत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एक-दोन भाग बघून ही मंडळी अख्ख्या मालिकेवर शिक्का मारतात, ब्रिटिश ‘फॉल्टी टॉवर्स’ आणि अमेरिकन ‘साइनफेल्ड’ या गाजलेल्या विनोदी मालिका त्यांना ओळखता आल्या नाहीत, परीक्षणं गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’वर ९५ टक्के मिळालेली मालिका तुम्हाला कंटाळवाणी वाटली, त्यापेक्षा प्रेक्षकांचा कौल बघावा. आणि ‘चिअर्स ही मालिका समीक्षकांनी वाचवली’ हे एका अमेरिकन विनोदी मालिकेबद्दलचं माझं वाक्य निव्वळ अतिशयोक्ती आहे.

शेवटचा आक्षेप बरोबर आहे. त्याकडे येतेच, पण आधी ‘साइनफेल्ड’.

तिचा पहिला भाग ५ जुलै १९८९ला दाखवला गेला. त्याआधी एनबीसी या अमेरिकन वाहिनीने तो काही प्रेक्षकांना दाखवून चाचणी घेतली होती आणि त्या अहवालात ‘कमकुवत’ असा शेरा पडला होता. सगळीकडे सांगितली जाते ती गोष्ट या शेऱ्याची. तो कुठल्या वृत्तपत्राच्या समीक्षकाचा नाही. ज्यांचा कौल तुम्ही अंतिम मानता, त्या साध्या प्रेक्षकांचाच तो आहे. वाहिनीने पुढे जेमतेम चार भाग मागवले, मालिका हळूहळू रुजली, आणि १९९८ साली तिचा शेवटचा भाग अमेरिकेत सात कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. हे मी प्रेक्षकांना कमी लेखायला सांगत नाही. नवीन घडणीची गोष्ट पहिल्यांदा समोर आली की आपण सगळेच ती जुन्या मापाने मोजतो. पण मग हा दोष एकट्या समीक्षकाच्या माथी मारणं न्यायाचं नाही.

‘फॉल्टी टॉवर्स’चं मात्र तुम्ही म्हणता तसंच आहे. १९७५ साली ती सुरू झाली तेव्हा ‘डेली मिरर’च्या मथळ्यात तिचा प्रमुख अभिनेता जॉन क्लीझच्या उंचीवर कोटी करून विनोद तोकडे पडल्याचं म्हटलं होतं. त्याच मालिकेला २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने या क्षेत्रातल्या लोकांकडून करवून घेतलेल्या यादीत सर्वोत्तम ब्रिटिश कार्यक्रम म्हणून पहिलं स्थान मिळालं. सगळे मिळून भाग फक्त १२. तो निकाल सपशेल चुकला, यात वाद नाही.

पण तो कसा लिहिला जात असे, हेही पाहायला हवं. ब्रिटिश वृत्तपत्रांत तेव्हा ‘काल रात्रीचा टीव्ही’ हे सदर असायचं. रात्री कार्यक्रम लागायचा, समीक्षक तो इतरांसारखाच घरी बघायचा आणि लगेच मजकूर द्यायचा. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९७२ ते १९८२ क्लाइव्ह जेम्स लिहायचे, ते आठवड्याचं सदर होतं, म्हणून त्यांना थोडी उसंत मिळायची. पुढे वाहिन्या भाग आधीच पाठवू लागल्या आणि प्रसारणापूर्वीच परीक्षण छापून येऊ लागलं. त्यातही एक अडचण आहे. किती भाग पाठवायचे, कोणते प्रसंग उघड करायचे नाहीत, कोणत्या तारखेआधी छापायचं नाही, हे सगळं वाहिनी ठरवते. म्हणजे समीक्षक दोनच भागांवर बोलतो तेव्हा बऱ्याचदा त्याला दोनच मिळालेले असतात. मला एवढंच वाटतं की त्याने ते लिहून टाकावं: ‘मी दहापैकी दोन भाग पाहिले आहेत.’ हे वाक्य अनेक परीक्षणांत नसतं, आणि तिथे तुमचा राग मला पूर्ण पटतो.

आता माझा मुख्य मुद्दा, जो मूळ लेखात मला नीट मांडता आला नव्हता. परीक्षणाची किंमत त्यातलं भाकीत खरं ठरतं की नाही यावर मी ठरवत नाही. त्याने कारण काय दिलं, ते मी बघते. ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ या अमेरिकन विनोदी मालिकेचं पहिलं पर्व २००९ मध्ये आलं, अवघ्या सहा भागांचं. अनेक समीक्षकांनी ते ‘द ऑफिस’ या आधीच्या मालिकेची फिकी नक्कल ठरवलं. मीही ती परीक्षणं वाचून ती मालिका बाजूला ठेवली आणि काही वर्षांनी पाहिली. तेव्हा लक्षात आलं की त्या समीक्षकांनी सांगितलेलं कारण अचूक होतं: नायिका कुणाचंच न ऐकणारी, जरा मूर्ख वाटणारी रंगवली होती आणि तिच्या आजूबाजूचे लोक तिला नुसते सहन करत होते. दुसऱ्या पर्वात लेखकांनी नेमकं हेच बदललं. ती कामसू आणि हुशार झाली, बाकीचे तिच्यावर जीव लावू लागले, आणि त्याच समीक्षकांपैकी अनेकांनी मोकळेपणाने लिहिलं की मालिका आता फार चांगली झाली आहे. मग पहिला निकाल चुकला होता का? माझ्या मते नाही. ज्या सहा भागांबद्दल तो होता, त्या सहा भागांबद्दल तो आजही खरा आहे. ‘ही मालिका वाईट आहे’ आणि ‘ही मालिका वाईटच राहणार’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. चांगला समीक्षक पहिलं म्हणतो. आपण वाचताना त्याचं दुसरं करतो.

टक्क्यांचं मात्र मी ठामपणे सांगते, कारण इथे फसगत समीक्षकाने केलेली नाही. ‘रॉटन टोमॅटोज’वरचे ९५ टक्के म्हणजे शंभरपैकी ९५ गुण नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी ९५ जणांचा कल अनुकूल होता, एवढाच त्याचा अर्थ. दहाच्या दहा जणांनी ‘बरी आहे, बघायला हरकत नाही’ असं लिहिलं तरी आकडा १०० दिसेल. आणि जी मालिका सहा जणांना वेड लावते आणि चौघांना अजिबात सहन होत नाही, ती ६० वर अडकेल. ‘मेटाक्रिटिक’ या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाची रीत वेगळी आहे. तिथे सरासरी गुण काढतात, पण ज्या परीक्षणात लेखकाने गुण किंवा तारे दिलेलेच नसतात, त्याला तिथली मंडळी मजकूर वाचून स्वतः गुण देतात. म्हणजे समीक्षकाने आठशे शब्दांत तोलून मापून जे लिहिलं, त्याचा आकडा तिसऱ्याच माणसाने केलेला असतो. तुम्ही भांडता आहात ते या आकड्याशी, असं मला वाटतं. त्या ९५ मधली दोन परीक्षणं जरी पूर्ण वाचली असती, तर ‘संथ आहे, पण अभिनय पाहण्यासारखा’ असं काहीतरी बहुधा त्यात सापडलं असतं, आणि संथपणा तुम्हाला सोसत नाही हे तुमचं तुम्हाला ठाऊक आहे.

माझी समीक्षकांवर खरी तक्रार असेल तर ती परतणाऱ्या मालिकांबद्दल आहे, आणि आश्चर्य म्हणजे तुम्ही तिला हातही लावला नाहीत. नव्या मालिकेला अर्धं पान मिळतं. चौथ्या पर्वाला ‘पुन्हा येत आहे’ एवढी एक ओळ. याचं कारण दिसतं. एफएक्स वाहिनीच्या मोजणीनुसार २०२२ साली अमेरिकेत ५९९ पटकथाधारित मालिका दाखवल्या गेल्या, आणि त्याच काळात अनेक वृत्तपत्रांनी टीव्ही समीक्षकाची जागाच काढून टाकली. उरलेल्या एका माणसाने काय काय बघायचं? तरीही मला वाटतं की मालिकेबद्दलचं सगळ्यात मोलाचं लेखन तिच्याकडे परत जाण्यातून येतं. ‘द वायर’ २००२ मध्ये सुरू झाली. परीक्षणं चांगली होती, पण जपून लिहिलेली. २००६ मध्ये चौथं पर्व आलं, शाळकरी मुलांचं, आणि समीक्षकांनी ती टीव्हीवरची सर्वोत्तम कामगिरी असल्याचं जोर देऊन लिहिलं. तिचे प्रेक्षक थोडे होते. पाच पर्वांत तिला एमी हा अमेरिकन टीव्ही पुरस्कार एकदाही मिळाला नाही. नामांकनं मिळाली ती दोन, दोन्ही लेखनासाठी. प्रेक्षकांचा कौल आणि पुरस्कार या दोनच गोष्टी धरल्या असत्या तर ती विस्मरणात गेली असती. आज लोक ती शोधून बघतात, त्यात त्या दरवर्षी परत जाऊन लिहिणाऱ्या माणसांचा वाटा मोठा आहे. उलट बाजूही तीच: ‘ट्रू डिटेक्टिव्ह’च्या २०१४च्या पहिल्या पर्वाचं कौतुक करणाऱ्यांनीच २०१५च्या दुसऱ्या पर्वाबद्दलची निराशा लपवली नाही.

आता ‘चिअर्स’. ती ३० सप्टेंबर १९८२ला सुरू झाली. समीक्षकांना आवडली, पण प्रेक्षकसंख्येच्या सुरुवातीच्या आकड्यांत ७७ कार्यक्रमांत ती ७४व्या जागी होती. पुढच्या वर्षी तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचं एमी मिळालं आणि ती एकूण ११ पर्वं चालली. यावरून मी लिहून टाकलं की समीक्षकांनी ती वाचवली. तुम्ही विचारलंत, समीक्षकाच्या हातात वाहिनीचं वेळापत्रक असतं का? नसतं. ती वाचवली ती दाखवणाऱ्या एनबीसीच्या ग्रँट टिंकर आणि ब्रँडन टार्टिकॉफ या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी. त्यांना ती स्वतःला आवडत होती, आणि वाहिनी तेव्हा अमेरिकेतल्या तीन मोठ्या वाहिन्यांत शेवटची असल्यामुळे तिच्या जागी लावायला याहून चांगलं काही हाताशी नव्हतं. परीक्षणांमुळे त्यांना थांबायला एक आधार मिळाला असेल, त्याहून जास्त दावा मला करता येणार नाही. मूळ लेखातलं ते वाक्य मी काढलं आहे. त्या जागी आता असं आहे: ‘वाहिनीने धीर धरला, आणि तो धरण्यासारखं काहीतरी इथे आहे असं समीक्षक पहिल्या आठवड्यापासून सांगत होते.’ यातही काही खटकलं तर जरूर लिहा.