मागचा डबा विसरा, पुढे चला!

गाडीला कॅरॅव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेला चाकांवरचा डबा, जोडून सहलीला निघालात? अभिनंदन. ओव्हरटेक कसा करावा ते मी शिकवतो. मी स्वतः रविवारी सकाळी ठाण्याच्या घोडबंदर रोडला, गायमुखच्या चढावर, तुमच्यातल्याच एका गृहस्थांकडून शिकलोय. फी फक्त माझ्या गाडीचा उजवा आरसा.

पहिलं म्हणजे, मागे काही जोडलंय हे सोसायटीच्या गेटवरच विसरायचं.

लांब दांडीचे जादा आरसे लावू नका. नेहमीच्या आरशात डब्याची भिंत दिसते ना? मग पुरे. मागचं दिसलंच नाही की टेन्शनही नाही.

पाण्याचे कॅन, सिलिंडर, खुर्च्या, सगळं पार मागच्या टोकाला रचा. मग बाजूने कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्याने डबा शेपटीसारखा हलू लागेल. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून, स्टिअरिंग सरळ धरून वेग आपोआप उतरू देणं हे भित्र्यांचं काम. तुम्ही आणखी दाबा.

डावा इंडिकेटर दिला की डबा आपोआप आखडतो.

आता मुख्य धडा. ओव्हरटेक चढावरच करायचा. आधीच तिथे जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर रांगत असतात. मी त्यांच्यामागे निमूट पस्तीसने चाललेलो, आणि हे गृहस्थ उजवीकडून चाळीसने. पाचचा फरक म्हणजे सेकंदाला जेमतेम १.४ मीटर! गाडी आणि डबा मिळून ११ मीटर, माझी ४, पुढेमागे दहा-दहा मीटर मोकळे. म्हणजे ३५ मीटर सरकायला २५ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात रस्ता पावणेतीनशे मीटर संपतो. हे गणित करायला काय आयआयटी लागते? यांनी बोनेट माझ्या पुढे गेलेलं पाहिलं आणि घातली गाडी डावीकडे. डबा अजून माझ्या दाराशी! मी ब्रेक मारला, मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या आईची आठवण काढली, आणि आरसा खळ्ळकन गेला. पुढे फाउंटन हॉटेलजवळच्या ट्रॅफिकमध्ये त्यांना गाठलं, तर काच चार बोटं खाली करून म्हणतात, "तुम्ही जरा हॉर्न द्यायचा ना!"

हॉर्न? मी द्यायचा?

अहो काका, डबा तुमचा, हौस तुमची, मग त्याची लांबी माझ्या आरशाने का मोजता? ज्याला मागे टाकलं ती गाडी डब्याच्या शेपटामागे आरशात अख्खी दिसेपर्यंत डावीकडे यायचं नाही, एवढं साधं आहे. त्यासाठी जादा आरसे लावायचे, रिकाम्या रस्त्यावर सराव करायचा, आणि चढावर गाडीत दम नसेल तर कंटेनरमागे गुमान बसायचं. आम्ही रोज बसतो.