खुलासा: अक्ष ध्रुवताऱ्यावर रोखला म्हणजे दुर्बीण जुळली, असं नाही

छोटी वेधशाळा उभारणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय: 'ध्रुवतारा जागचा हलत नाही, विषुववृत्तीय माउंटचा अक्ष त्याच्यावर रोखा, काम संपलं.' (विषुववृत्तीय माउंट म्हणजे ताऱ्यांचा माग ठेवत एका अक्षाभोवती दुर्बीण फिरवणारा आधार.) नुसतं डोळ्याने बघायचं असेल तर हे चालून जातं. छायाचित्रणासाठी मात्र हा सल्ला चुकीचा आहे.

ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून (आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं, त्यापासून) साधारण 0.6 अंश दूर आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षा जास्तच. 23 तास 56 मिनिटांत तो ध्रुवाभोवती एक छोटं वर्तुळ पुरं करतो. अक्ष थेट त्याच्यावर ठेवला, तर दृश्यातले तारे मिनिटाला 10 आर्कसेकंदांपर्यंत (1 आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकू शकतात. पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये ताऱ्यांच्या रेघा होऊ शकतात. म्हणून ध्रुवदर्शकात (माउंटच्या अक्षात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीत) ध्रुवताऱ्यासाठी वर्तुळ कोरलेलं असतं. त्या वेळी तारा वर्तुळावर जिथे असायला हवा, तिथे आणायचा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो. समोर डोंगर, इमारत किंवा धुरकट हवा असली की दिसतच नाही. अशा वेळी दुसऱ्या ताऱ्यांच्या सरकण्यावरून जुळवणी (ड्रिफ्ट अलाइनमेंट) करावी, आणि दुर्बीण कायमची बसवायच्या खांबासाठी मला तरी हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. मध्यमंडळाजवळचा (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा), खगोलीय विषुववृत्तालगतचा (दोन्ही खगोलीय ध्रुवांच्या मधोमध असलेल्या वर्तुळाजवळचा) तारा धरा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला झुकलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. मग पूर्व क्षितिजाकडचा तारा घ्या: दक्षिणेकडे गेला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे गेला तर वर.