डिलीट केलेला मेसेज

आज दुपारी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. "सांगली-मिरजेत कुणी चांगला काउन्सेलर माहीत आहे का? मुलीसाठी हवा होता." मी बँकेत काउंटरवर होते. म्हटलं, चहाला उठले की उत्तर देते. दहा मिनिटांनी बघितलं तर मेसेज नाही. त्या जागी डिलीट केल्याची करडी ओळ, आणि तिच्या खाली कुणीतरी विचारलेलं, "आज पाणी किती वाजता सोडणार?"

दुपारपासून ती करडी ओळ डोळ्यांपुढून हलत नाहीये.

याच ग्रुपवर गवंडी कोण चांगला, गुडघ्यासाठी कुणाला दाखवावं, अगदी मूळव्याधीवर कुणाकडे जावं, हे सगळं विचारून झालंय. आणि लोकांनी भराभर नंबर दिलेत, आपापले अनुभव लिहिलेत. हा एकच प्रश्न असा, की विचारल्यावर त्या बाईला दहा मिनिटंसुद्धा तो तिथं ठेवायचा धीर झाला नाही.

मी तिला वेगळा मेसेज केला. तिचं उत्तर, "अहो, चुकून पडला." मी म्हटलं, ठीक आहे, पण मला एक नाव माहीत आहे. संध्याकाळी सातला तिचा फोन आला आणि पहिली पाच मिनिटं ती नुसती रडत होती.

हे लिहायचं कारण माझा धाकटा भाऊ. त्याला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "लिही ताई, फक्त दुकानाचं नाव नको."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा त्याच्या दुकानात माळ्यावर चढवून ठेवलेला मालसुद्धा वाचला नाही. कर्ज काढून त्यानं पुन्हा सगळं उभं केलं. २०२१ च्या जुलैत परत पाणी. पहिल्या खेपेला तो खूप रडला होता. दुसऱ्या खेपेला रडला नाही, आणि आम्ही सगळे म्हणालो, चला, या वेळी सावरला.

सावरला नव्हता. पुढच्या वर्षी जूनचे पहिले ढग आले आणि हा रात्री तीन-तीनला उठून मोबाईलवर कोयनेचा विसर्ग बघत बसायला लागला. दुकानाचं शटर आधी बारा वाजता उघडायला लागलं, मग एक दिवसाआड, मग बंदच. जेवण तुटलं. दाढी नाही, कुणाशी बोलणं नाही. विचारलं की एकच उत्तर, "कसनुसं होतंय." पंचनामा भिंतींचा झाला होता, मालाचा झाला होता. याचा कुणी करायचा, कुणालाच सुचलं नाही, मला धरून.

मी काय केलं? गूगलवरून तीन नंबर काढून त्याला पाठवले. "फोन कर." आठ दिवसांनी, "केलास का?" "करतो." परत आठ दिवसांनी तेच. शेवटी एका रविवारी त्याच्या बायकोसमोर, आईसमोर मी त्याला म्हणाले, "तुला बरंच व्हायचं नाहीये." एका काकांनी त्याच दिवशी, "रत्नागिरीला न्यायचं का आता याला?" असं म्हणून टाकलं. आमच्याकडे रत्नागिरी किंवा येरवडा म्हटलं की वेड्यांचं इस्पितळ, ते तुम्हाला माहीत आहे. काकांचा मला राग आला होता, पण माझं वाक्य त्यांच्यापेक्षा काही कमी नव्हतं. ते त्याला जास्त लागलं, हे त्यानं मला खूप नंतर सांगितलं.

त्यानंतर मी स्वतः फोन करायला बसले. घरात दुधाच्या हिशोबाची वही होती, तिच्या मागच्या पानावर एकेक नंबर लिहीत गेले. अकरा फोन.

एक नंबर बंद. एक बाई फक्त लहान मुलांना बघतात. एका ठिकाणी सांगितलं, "मॅडम आता पुण्याला असतात, महिन्यातून एका शनिवारी येतात, पुढच्या दोन महिन्यांचं भरलंय." एका गृहस्थांनी भावाची जन्मवेळ विचारली. एकानं संमोहनाच्या सात बैठकांत खात्रीनं बरा करतो म्हणून सांगितलं आणि पैसे आधी भरायला लावत होता. एका ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लग्न झालंय का? बायकोशी पटतं का?" पुराचं मी तीनदा सांगितलं, त्यांना ते ऐकूच आलं नाही.

आणि हे कुठं? मिरजेत. १८९४ साली वॉनलेस डॉक्टरांनी इथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून हे डॉक्टरांचं गाव. बेळगाव, विजापूरकडून लोक रेल्वेनं उपचाराला येतात. हृदय, किडनी, डोळे, हाडं, काय हवं ते बोला. पण समोर तासभर बसून मराठीत ऐकून घेणारं शिकलेलं माणूस शोधायला मला अकरा फोन लागले. मी धडधाकट, पगारी, फोनवर बोलायची सवय असलेली बाई. सहाव्या फोनला मी वही मिटून उठले होते. आणि हेच काम मी चार महिने त्या माणसावर टाकलं होतं, ज्याला अंघोळीला उठायचं बळ नव्हतं.

याचा मला आजही राग येतो. माझाच, आणि आपल्या सगळ्यांचा. पाय मोडलेल्याला आपण रिक्षा शोधायला पाठवत नाही. इथं मात्र सगळे एकच म्हणतात, "त्याची इच्छा पाहिजे." इच्छा होती त्याची! नंतर त्यानं सांगितलं, "ताई, नंबर लावून ठेवायचो, पण पलीकडून 'काय होतंय' विचारलं तर काय सांगू, म्हणून कट करायचो."

आधी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो होतो, तेही सांगते. बाहेर पन्नास-साठ पेशंट, आत पाच मिनिटं, गोळ्या. मला तेव्हा फार चीड आली होती. पण गोळ्यांनी त्याला झोप लागायला लागली, हे खरं आहे, आणि एकटा माणूस एवढ्या गर्दीत आणखी काय करणार, हेही खरं आहे. गोळ्या डॉक्टरच देऊ शकतात. बोलण्याचा उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देत नाही. हा फरक मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हता.

आणखी एक माहीत नव्हतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे ज्याला आरसीआय म्हणतात तिथं लागते, आणि तो नंबर आपण बिनधास्त मागू शकतो. मी मागितला तेव्हा दोघांनी फोन ठेवून दिला. बरं झालं. समुपदेशकांना आणि बाकीच्यांना नियमात आणायचा कायदा २०२१ साली झालाय, पण आमच्या रस्त्यावर दोन दिवसांचं शिबिर करून आलेल्यांच्या पाट्या अजून तशाच आहेत. घरात माणूस बुडत असताना त्या पाट्यांचे रंग सारखेच दिसतात हो.

मधे ऑनलाइन करून बघितलं. मुलगी चांगली होती, आवाज मायाळू, पण हिंदी-इंग्रजीत. तिनं विचारलं, "अँग्झायटी लगती है या सॅडनेस?" हा म्हणाला, "कसनुसं होतंय." ती थांबली. त्यानं दुसरा शब्द शोधला, सापडला नाही, आणि "ठीक है" म्हणून कॅमेरा बंद केला. ज्यांना जमतं त्यांनी जरूर ऑनलाइन करावं, गावात कुणीच नसेल तर तेवढाच आधार. पण आमच्या घरात ते तिथंच संपलं.

अकरावं नाव दिलं ते कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या दादांनी. तेही पिशवीत गोळ्या भरता भरता, आजूबाजूला बघून, हळू आवाजात. मिरजेतच, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. पाटीवर बाईंचं नुसतं नाव आणि डिग्री, काय करतात ते लिहिलेलं नाही. मी नंतर त्यांना विचारलं, असं का? म्हणाल्या, "लिहिलं होतं पहिल्या वर्षी. लोक जिना चढेनात. खालून कुणी बघेल म्हणून."

म्हणजे शोधणारी बाई मेसेज डिलीट करतेय आणि ज्यांनी मदत करायची त्यांना पाटी झाकावी लागतेय. मधे कुणीतरी मेडिकलवाला दादा भेटला तर भेटला. नाही भेटला तर?

पहिल्या दिवशी भावानं गाडी दोन गल्ल्या सोडून लावली. मी खाली दातांच्या दवाखान्यात बसून राहिले. पन्नास मिनिटांनी उतरला. काही बोलला नाही. विश्रामबागपर्यंत आलो तेव्हा म्हणाला, "त्यांनी विचारलं, कसनुसं म्हणजे नेमकं कुठं होतं. छातीत का पोटात." एवढंच. पण किती महिन्यांनी तो आपणहून एक अख्खं वाक्य बोलला होता.

एका बैठकीचे ८०० रुपये, सुरुवातीला दर आठवड्याला. कर्जात असलेल्या माणसाला हे परवडत नाही, आम्ही भावंडांनी वाटून घेतलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना सांगितलंय की मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरा. आमच्या पॉलिसीत हे ८०० रुपये काही बसले नाहीत. ज्यांना शक्य नाही त्यांनी सिव्हिलला केसपेपर काढून मानसोपचार ओपीडीत जावं, रांग असते, तरी जावं. आणि रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून सुरू आहे. मोबाईलमध्ये सेव्ह करा, आत्ता.

आता कुणीतरी म्हणेल, मन मोकळं करायला घरची माणसं असतात की. असतात. आम्हीही होतोच. आणि आम्ही त्याला काय काय बोललो ते वर लिहिलंय. गोव्यात संगथ संस्थेनं डॉक्टर नसलेली, तिथलीच साधी माणसं घेऊन आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवली आणि त्याचा लोकांना उपयोग झाला, हे मलाही माहीत आहे. पण त्यांना आधी शिकवलं, वर बघणारं कुणीतरी ठेवलं. नुसतं "आम्ही आहोत ना" म्हणून सोडून नाही दिलं.

भाऊ आता दुकान उघडतो. पाऊस लागला की अजून आयर्विनला किती फूट झालं ते बघतो, पण झोपायच्या आधी एकदाच. बैठका महिन्यातून एक. गाडी तो आता दवाखान्याच्या दारात लावतो.

उद्या संध्याकाळी ती शेजारीण माझ्याकडे येणार आहे. मुलीला आणू नका म्हटलंय, आधी आपण दोघी बसू, फोन मी लावते. दुधाच्या वहीतलं ते पान मी फाडून ठेवलंय.

सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, जिथं कुठं असाल तिथं, तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरचं कुणी ज्यांच्याकडे जाऊन आलंय आणि ज्यांनी नीट ऐकून घेतलं, त्यांचं नाव खाली लिहा. डिग्री, फी, मराठीत बोलतात का, तेही लिहा. मला इनबॉक्समध्ये पाठवू नका. इथं, सगळ्यांना दिसेल असं लिहा.