१९ हजारांची जीन्स आणि अण्णांचे आठ माग

गेल्या महिन्यात भाचा पुण्याहून इचलकरंजीला आला तो नवी जीन्स घालून. जपानची. गडद निळी, पत्र्यासारखी कडक, बसताना गुडघ्यात कुरकुरणारी. पायाची घडी मुद्दाम वर दुमडलेली, म्हणजे आतल्या शिवणीवरची पांढरी पट्टी आणि तिच्यातला लाल धागा लोकांना दिसावा. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोप्यात बसले होते. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, दुमडलेला पाय चिमटीत धरला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्ये साध्या मागावरचं कापड हाय की रं."

भाचा खूश. "आजोबा, बरोबर ओळखलंत! सेल्व्हेज डेनिम म्हणतात याला. जुन्या शटल लूमवर विणतात."

"कितीला?"

"१९ हजार."

अण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आपला एकेक माग ह्याच्याहून कमीला गेला."

खरं आहे. २०१७ साली आम्ही आमचे आठही माग भंगारात काढले. किलोवर गेले. टेम्पोत चढवताना अण्णा घराबाहेर आलेच नाहीत.

जेवताना भाच्याने विषय काढला. "मामा, काही म्हण, देशाचा फरक पडतोच. जपानी ते जपानी. बांगलादेशी घेतली की सहा महिन्यांत मांडीत फाटते." मी वाद घालायला लागलो तर बहीण म्हणाली, आधी जेव. म्हणून राहिलेला वाद इथे घालतो.

आधी त्या पट्टीचं सांगतो, कारण अर्धे पैसे तिचेच आहेत. साध्या मागावर धोटा, म्हणजे तेच शटल, पोटात धाग्याची कांडी घेऊन इकडून तिकडे जातो आणि तोच धागा घेऊन परत येतो. आडवा धागा कडेला तुटत नाही, वळतो. म्हणून काठ बंद येतो, साडीला येतो तसा. नव्या एअरजेट मागावर प्रत्येक आडवा धागा हवेच्या झोतानं फेकतात आणि कडेला कापतात. तिथे झालर राहते, शिवताना ओव्हरलॉक मारावं लागतं. साध्या मागावरच्या डेनिमचा पन्हा ३० इंचांच्या आसपास, त्यामुळे एका जीन्सला पावणेतीन मीटर कापड जातं. मोठ्या पन्ह्यात साधारण निम्म्यात काम होतं. त्यात साधा माग मिनिटाला दीडशेभर पिकं, म्हणजे आडवे धागे, टाकणार, एअरजेट सहाशे-सातशेच्या पुढे. म्हणजे कापड महाग पडणारच, यात लबाडी काही नाही.

पण त्या काठामुळे मांडीवरचं कापड एक दिवसही जास्त टिकत नाही. मांडी टिकते ती सूत कसं आहे, कापड किती औंसांचं, म्हणजे किती जड आहे, त्यात लायक्रा किती घातलाय यावर. रंग कसा उतरतो ते रंगाईवर. चांगल्या डेनिममध्ये उभ्या धाग्यांचा दोरखंड करून तो पुन्हा पुन्हा निळीत बुडवतात आणि दर खेपेला हवा खाऊ देतात. निळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही, आत पांढरं राहतं, म्हणून घासलं की जीन्स सुंदर विटते. ही रोप डाइंगची यंत्रं जपानात आहेत तशी अहमदाबादेतही आहेत. अरविंद मिलनं डेनिम सुरू केलं ते १९८० च्या दशकात, आणि तिचं कापड जगभरच्या ब्रँडांना जातं. लांब कशाला, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिम कारखाना आहे. आता कुणी कॉफी शॉपमध्ये पाय दुमडून "हे यवतमाळचं कापड" म्हणून दाखवेल का? मी तरी अजून पाहिला नाही.

आणि लेबलवरचा देश हा बहुतेक वेळा फक्त शिलाईचा देश असतो. कापूस एकीकडचा, सूत दुसरीकडचं, कापड तिसरीकडचं, चेन जपानी वायकेकेची, आणि शिवलं ढाक्याजवळ की झालं मेड इन बांगलादेश. माझी बहीण न्यू जर्सीहून आलेल्या जावेनं आणलेली "अमेरिकन" जीन्स कौतुकानं दाखवत होती. मी आतलं लेबल उलटलं तर लेसोथो! दक्षिण आफ्रिकेच्या पोटातला हा चिमुकला देश अमेरिकेसाठी वर्षानुवर्षं जीन्स शिवतोय. कारण त्याचे शिंपी फार भारी असं नाही. २००० साली अमेरिकेनं आफ्रिकी देशांसाठी बिनजकातीचा कायदा केला, एरवी पुरुषांच्या सुती पँटवर तिथे १६.६ टक्के मूळ जकात बसते. युरोपात हीच जकात १२ टक्के, पण बांगलादेशला २००१ पासून शून्य. जीन्स कुठे शिवायची हे सुईपेक्षा जकातीच्या तक्त्यावर जास्त ठरतं.

मजुरीवर तर ठरतंच. बांगलादेशात गारमेंट कामगाराचं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिना १२,५०० टका आहे. त्याआधी ८,००० होतं. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझाची इमारत कोसळून ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. हे सगळं किमतीत "स्वस्त" या एका शब्दात मावतं. तुर्कस्ताननं २००९ मध्ये जीन्सवर वाळूचा फवारा मारायला बंदी घातली, कारण कामगारांची फुप्फुसं सिलिकोसिसनं जात होती. बंदी नसेल तिथे तीच "जुनी दिसणारी" जीन्स दोन पैसे स्वस्त पडणार. आपल्याकडे उल्हासनगरच्या जीन्स वॉश कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं वालधुनी नदीत जात होतं. तेव्हा देशाचा किमतीवर परिणाम होतो का? होतो, भरपूर. दर्जावरचा परिणाम मात्र भाचा समजतो तसा नाही.

उल्हासनगरवरून आठवलं. १९९६ ला कॉलेजात असताना मी कोल्हापुरातून रस्त्यावरची एक जीन्स घेतली होती, १८० रुपयांना, मागे हे एवढं मोठं "मेड इन यूएसए". यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद मला तोवर माहीत नव्हता. होस्टेलवर दोन वर्षं रुबाबात हिंडलो. ती जीन्स सात वर्षं टिकली, मग आईनं तिची बाजारची पिशवी शिवली आणि पिशवी आणखी चार वर्षं. लेबल खोटं होतं, कापड खरं होतं. याउलट तीन वर्षांपूर्वी एका मॉलमधून सेलमध्ये ७९९ ला बांगलादेशी जीन्स घेतली, ती आठव्या महिन्यात बसल्या जागी फाटली. त्याच आठवड्यात दुसऱ्या ब्रँडची २,९०० ची घेतलेली, तीही बांगलादेशीच, आजही अंगावर आहे. देश एक, कदाचित गल्लीही एक. मागवणाऱ्यानं एकीला किती पैसे मोजले आणि दुसरीला किती, एवढाच फरक.

आता भाच्याच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करतो. जपानच्या ओकायामा भागातलं कोजिमा हे गाव उगाच मोठं झालेलं नाही. तिथे आधी शाळेचे गणवेश शिवायचे. १९६५ साली तिथल्या एका कारखान्यानं जीन्स शिवायला घेतली तर डेनिम अमेरिकेतून आणावं लागलं, आधी जॉर्जियातल्या कँटन मिलमधून, पुढे ग्रीन्सबरोच्या कोन मिलमधून. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कुराबो कंपनीनं जपानी डेनिम विणून दाखवलं. पुढे जग एअरजेटकडे पळत असताना तिथल्या काही लोकांनी जुने टोयोडा माग टिकवले. टोयोडा म्हणजे तेच, आज ज्यांची गाडी पार्किंगमध्ये मिरवते ते टोयोटावाले, मूळचे मागवाले. म्हणजे देश नाही, पण गाव मोजावं लागतं. एका गावात रंगारी, विणकर, शिंपी, मेकॅनिक पन्नास वर्षं एकाच कापडाच्या मागे लागले की हाताला जे येतं ते दुसरीकडे लेबल लावून येत नाही.

आणि ते टिकतंच असंही नाही. ज्या कोन मिलनं कोजिमाला कापड दिलं, तिचा ग्रीन्सबरोचा व्हाइट ओक कारखाना १९०५ चा. ३१ डिसेंबर २०१७ ला तो बंद पडला, जुन्या ड्रेपर शटल मागांसकट. आमचे माग गेले तेच वर्ष.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला तो १९०४ साली, व्हाइट ओकच्या एक वर्ष आधी. सव्वाशे वर्षं होत आली. सायझिंगवाले, कांडीवाले, जॉबर, घडीवाले, सगळं आहे. पण आमच्यासारख्या खर्चीवाल्याला, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्याला, काठ कसा आलाय हे कुणी कधी विचारलं नाही. पीक किती, मजुरी किती, माल कधी. उधारीवर सूट किती.

हे मी अण्णांना बोललो तर ते माझ्यावरच उखडले. "उगा रडगाणं लावू नगंस. आपल्या मागावर ह्ये जाड कापड घातलं असतंस तर चार दिवसांत मागाचा खुळखुळा झाला असता. आपण मलमल-पॉपलीनवाली माणसं." खरंच आहे.

भाच्याला ती जीन्स लांब होत होती. दुसऱ्या दिवशी त्यानं गल्लीतल्या शिंप्याकडून पाय कमी करून आणले, तर अण्णांनी कापलेला तुकडा मागून घेतला. कपाटातून पीक मोजायचं भिंग काढलं. माग गेले तरी ते त्यांनी विकलेलं नाही. उन्हात बसून दोनदा मोजलं. इंचाला ४२ पिकं.

मग बोटांवर हिशेब. "माग बंद केले तवा इंचातल्या पिकाला मीटरमागं पाच पैसे मिळायचे. बेचाळीस पिकं, मीटरला दोन रुपये दहा पैसे. पावणेतीन मीटर." थांबले. "पावणेसहा रुपये. जाड कापडाला डबल दर धर. साडेअकरा."

भाचा म्हणाला, "आजोबा, १९ हजारांतले?"

अण्णांनी तुकडा घडी घालून भिंगाच्या डबीत ठेवला. "काठ मातुर झकास काढलाय," म्हणाले.