जास्त मिलिअँपिअरने पेडल जळत नाही

गिटारच्या इफेक्ट पेडलांबद्दल, म्हणजे आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डब्यांबद्दल, एक सल्ला सतत फिरत असतो: ‘अडॅप्टर ९ व्होल्टचा असला की झालं. मात्र मिलिअँपिअर पेडलवर लिहिलेत तेवढेच घ्या, जास्त झाले तर पेडल जळेल. शंका असेल तर सरळ बॅटरी लावा.’

आधी जळण्याची भीती. अडॅप्टरवरचा ५०० मिलिअँपिअर हा आकडा त्याची कमाल क्षमता सांगतो. तेवढा करंट तो पेडलमध्ये कोंबत नाही. आडात कितीही पाणी असो, पोहऱ्यात मावेल तेवढंच वर येतं. साधं ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं पेडल) ५-१० मिलिअँपिअरवर खूश असतं. त्रास होतो तो उलट बाजूने. डिजिटल डिले किंवा रिव्हर्बला (प्रतिध्वनी आणि घुमारा देणाऱ्या पेडलांना) १०० ते ३०० मिलिअँपिअर लागू शकतात, आणि आडातच नसेल तर पेडल सुरू होत नाही, नाहीतर मध्येच रीसेट होतं.

‘९ व्होल्ट असला की झालं’ हे मात्र खरंच महागात पडू शकतं. बहुतेक पेडलांना डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) लागतो आणि पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह हवं असतं. राऊटरसारख्या वस्तूंच्या अडॅप्टरमध्ये मध्यभागी बहुधा पॉझिटिव्ह असतं. पिन तीच, बसतेही झकास! पेडलमध्ये उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड असला तर ठीक, तरी कधी कधी तोच बळी जातो. एसी (दिशा बदलत राहणारा करंट) आणि डीसीची गंमत वेगळीच: डिजिटेक कंपनीच्या व्हॅमी या सूर वर-खाली करणाऱ्या पेडलच्या चौथ्या आवृत्तीला ९ व्होल्ट एसी लागतो, पाचवीला ९ व्होल्ट डीसी. नाव तेच, आकडाही तोच. म्हणून जॅकजवळचं छोटं चिन्ह आकड्याइतकंच नीट वाचायचं.

बॅटरीच्या सल्ल्यात तथ्य आहे. ती इतर पेडलांच्या पुरवठ्यापासून पूर्ण वेगळी असते, त्यामुळे एकाच अडॅप्टरवर अनेक पेडलांची साखळी लावल्यावर येणारी गुणगुण तिच्यात नसते. पण ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात. ५ मिलिअँपिअरच्या पेडलला ती शंभरेक तास पुरेल. २०० वाल्याला हिशेबाने अडीच, प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण जोरात उपसली की ती लवकर बसते. शिवाय अनेक डिजिटल पेडलांत बॅटरीला जागाच नसते. ज्यांत असते, त्यांत तिचा स्विच बहुधा इनपुट जॅकमध्ये दडलेला असतो: पायाने इफेक्ट बंद केला तरी केबल खोचलेली असेपर्यंत बॅटरी झिजतच राहते.