शेगडीची हवा बंद केली की गॅस वाचतो? अहो, उलट होतं

महिन्याभरात तो मेसेज मला चौथ्यांदा आलाय, यावेळी थेट फॅमिली ग्रुपवर, आत्याकडून. मजकूर थोडक्यात असा: शेगडीखालच्या नळीला हवेची भोकं असतात ती फॉइल लावून बंद करा, कारण तिथून थंड हवा शिरते आणि उष्णता खाते. मग ज्योत उंच आणि पिवळी होईल, ती जास्त ताकदीची. गॅस बारीक करता तेव्हा तर हवा फारच जास्त होते म्हणून तेव्हा बंद हवीच. जेटचं, म्हणजे गॅस जिथून सुटतो त्या बारीक तोटीचं, भोक सुईने जरा मोकळं करा, पीएनजीवाले (पाइपने घरी गॅस येणारे) पण तेच करतात. आणि पुरावा म्हणजे कोणा ताईंचा सिलिंडर १० दिवस जास्त गेला. माझं पोटापाण्याचं कामच बर्नर टेस्ट करायचं, एरवी असले फॉरवर्ड मी सोडून देतो, पण आत्याने फॉइल लावलं पण होतं राव.

तर पहिलं, थंड हवा. ऐकायला पटतं, पण एक घनफूट एलपीजी पूर्ण जळायला २५ ते ३० घनफूट हवा लागते, आणि ही हवा कुठून तरी यायलाच हवी. शेगडीत ती दोन ठिकाणांहून येते, थोडी खालच्या भोकांतून गॅसमध्ये आधीच मिसळून आणि उरलेली ज्योतीच्या भोवतीने. खालची वाट बंद केली म्हणून हवेची गरज कमी होत नाही, तेवढी सगळी हवा ज्योतीला मग बाहेरून ओढावी लागते, ते काम सावकाश होतं, म्हणून ज्योत हवा शोधत लांब लांब वर जाते आणि भांड्याच्या बाजूने निघून जाते. म्हणजे थंड हवा तापवायचा खर्च आहे तसाच, वर अर्धवट जळलेला गॅस फुकट.

पिवळी ज्योत ताकदीची, हे तर शाळेतच खोटं पडलंय. बुन्सेन बर्नर आठवतोय का? त्याची खालची कडी फिरवून भोक बंद केलं की ज्योत पिवळी व्हायची आणि परीक्षानळी काळी, उघडलं की निळी आणि नळी स्वच्छ. १८५५ च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन आणि त्यांचे मेकॅनिक डेसागा यांनी तो बर्नर बनवला तो याच कामासाठी, काजळी नसलेली गरम ज्योत मिळावी म्हणून, आणि आपण २०० रुपयांचं फॉइल आणून त्यांच्या आधीच्या काळात परत चाललोय. पिवळा रंग म्हणजे न जळलेल्या कार्बनचे बारीक कण तापून चमकतायत, बाकी काही नाही. तो कार्बन भांड्याच्या बुडाला बसला की काजळी, म्हणजे पैसे देऊन घेतलेला गॅस तुम्ही नंतर तारेच्या घासणीने घासून काढताय. (दूध किंवा मिठाचं पाणी उतू गेल्यावर मध्येच केशरी-पिवळं दिसतं ते वेगळं, ते मिठातल्या सोडियममुळे, त्याने घाबरू नका.)

आत्याकडे गेलो तेव्हा हेच बघितलं. दुधाच्या पातेल्याचं बूड बोट फिरवलं की बोट काळं, आणि ज्योत आळशी, वाऱ्याला डुलणारी. आत्या म्हणाली डोळे चुरचुरतात हल्ली, मोतीबिंदू असेल. शेगडी गार झाल्यावर फॉइल काढलं, परत पेटवली, तर प्रत्येक भोकावर छोटा निळा सुळका उभा राहिला आणि आवाज पण बदलला, आधी काहीच नव्हता आता हलकी फरफर. डोळ्यांचं मी डॉक्टरांवर सोडतो, पण अर्धवट जळण्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो आणि त्याला वासच नसतो. सिलिंडरच्या गॅसला जो वास मुद्दाम घालतात तो लीक कळायला, तो ज्योतीत जळून जातो, त्यामुळे नाकाच्या भरवशावर राहू नका, खिडकी उघडी ठेवा.

आता 'बारीक गॅसवर हवा जास्त होते' हा मुद्दा, आणि हाच मला सगळ्यात आवडता आहे कारण इथेच बर्नर डिझाइन करणाऱ्यांची खरी हुशारी आहे. घरगुती रेग्युलेटरमधून गॅस येतो तो पाण्याच्या ३० सेंटिमीटर उंचीइतक्या दाबाने, म्हणजे कंपासबॉक्सबरोबरची लांब पट्टी उभी धरा, तेवढंच पाणी. एवढासा दाब पण जेटचं भोक मिलिमीटरपेक्षा बारीक, त्यामुळे गॅस तिथून सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने सुटतो. तो धावता गॅस आजूबाजूची हवा आपल्याबरोबर नळीत ओढून नेतो. पंखा नाही, मोटर नाही, पंप म्हणजे गॅसच. आता नॉब फिरवून गॅस बारीक केला की जेटपुढचा दाब पडतो, वेग पडतो, आणि त्याच हिशोबात ओढली जाणारी हवाही कमी होते. प्रमाण जवळजवळ तेच राहतं, तुम्ही चहा करा नाहीतर दूध आटवा. कोणी हवा मोजत बसायची गरजच नाही, आणि आपण त्यात फॉइल घालतो.

हे प्रमाण कशावर ठरतं तर जेटचं भोक आणि नळीचा गळा यांच्या मापावर. म्हणून सुई घालू नका. पूर्वीच्या रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायचो ती सवय आहे आपली, पण तिथे रॉकेलची काजळी भोकात अडकायची आणि पिन त्याच मापाची मिळायची. गॅसचं जेट पितळेचं, मऊ. भोक १० टक्के रुंद झालं तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं, तेवढा गॅस जास्त सुटतो, पण नळीचा गळा तेवढाच असल्यामुळे हवा त्या मानाने वाढत नाही. परत पिवळी ज्योत, आणि ही फॉइलसारखी काढता येत नाही, जेटच बदलावं लागतं. पीएनजीचं म्हणाल तर त्यात मुख्यतः मिथेन असतो, घनफुटामागे उष्णता एलपीजीच्या निम्म्याहून कमी आणि दाबही कमी, म्हणून तिथे मोठं जेट लागतं. गॅसच वेगळा आहे हो.

राहिला पुरावा. सिलिंडर १० दिवस जास्त गेला म्हणजे त्या महिन्यात पाहुणे किती, पोळ्या किती, कोणी गावाला गेलं होतं का? दोन लिटर पाणी चहाच्या आधणाइतकं तापवायला जेमतेम १५-२० ग्रॅम गॅस जातो, १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये त्यातला थोडाफार फरक अंदाजाने कळणार नाही. लॅबमध्ये ठरलेलं पातेलं, मोजलेलं पाणी आणि नाजूक तराजू घेऊन बसतो तेव्हा कुठे कळतो. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती एलपीजी शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के लागते, उरलेली उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते, आणि ती अडवायची तर झाकण, कुकर, रुंद बूड, ज्योत बुडाबाहेर न जाऊ देणं, एवढंच आपल्या हातात.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. हवा खरंच जास्त झाली तर ज्योत बर्नरपासून सुटून वर तरंगते, सूं सूं आवाज करते, कधी विझते. ज्या शेगडीला फिरवायची पत्र्याची चकती आहे तिथे ती थोडी, अगदी थोडी बंद करायची, ज्योत भोकावर येऊन बसली की थांबायचं. आणि काही न करताच ज्योत पिवळी झाली असेल तर बहुतेक वेळा भोकं बुजलेली असतात, बर्नरची टोपी तिरकी बसलेली असते किंवा नळीत झुरळ नाहीतर कोळ्याचं जाळं असतं. टोपी गरम साबणाच्या पाण्यात भिजवा, घासा, कडकडीत वाळवून मगच बसवा. त्यानेही नाही झालं तर मेकॅनिकला बोलवा, आणि तो जेटमध्ये सुई घालायला लागला तर दुसरा बोलवा.