स्टेम सेलने तीव्र ऑटिझम ‘बरा’ होतो?

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर पुन्हापुन्हा येतो. न बोलणाऱ्या, तीव्र ऑटिझम असलेल्या मुलांचा मेंदू म्हणे स्टेम सेलने, म्हणजे मूळ पेशींनी, दुरुस्त होतो. अमेरिकेत हे सिद्ध झालंय, पेशी मुलाच्या स्वतःच्याच म्हणून धोका नाही, आणि सरकारचीही हरकत नाही. सोबत ‘आधी’ आणि ‘नंतर’चा व्हिडिओ.

‘अमेरिकेत सिद्ध झालंय.’ रोख ड्यूक विद्यापीठाकडे असतो. तिथे 25 मुलांना त्यांचंच साठवलेलं नाळेतलं रक्त (त्यात स्टेम सेल असतात) शिरेतून दिलं. 2017 मध्ये आलेल्या निष्कर्षांत सुधारणा दिसली, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. फॉरवर्ड इथे संपतो. संशोधक मात्र पुढे गेले. 2 ते 7 वर्षांची 180 मुलं घेतली, काहींना नाळेतलं रक्त, काहींना निष्क्रिय द्रावण. कोणाला काय मिळालं ते पालकांनाही ठाऊक नव्हतं. 2020 मध्ये निकाल छापून आला: सामाजिक वागण्याच्या मुख्य मोजमापात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. आकडे आणखी चाळले तेव्हा थोडेफार आशादायक संकेत मिळाले, तेही अशाब्दिक (भाषेविना मोजलेला) बुद्ध्यांक 70 किंवा त्याहून जास्त असलेल्या, म्हणजे बौद्धिक अक्षमता नसलेल्या मुलांत. म्हणजे ज्या मुलांच्या नावाने हा फॉरवर्ड फिरतो, त्यांच्यात नाहीच. शिवाय आपल्याकडे अनेकदा विकलं जातं ते वेगळंच: कमरेच्या हाडातून मज्जा काढायची आणि तिच्यातल्या पेशी पाठीच्या कण्यात सोडायच्या. दुसऱ्याच उपचाराचं प्रगतिपुस्तक दाखवायचं, आणि तेही नापासाचं!

‘आम्ही डोळ्यांनी फरक पाहिला.’ पालक खोटं बोलत नाहीत, फरक दिसतोच. 1998 मध्ये सिक्रेटिन या पचनसंस्थेच्या संप्रेरकाने तीन मुलं सुधारल्याचं प्रसिद्ध झालं आणि अमेरिकेत ते मिळवायला पालकांची धावपळ सुरू झाली. पुढच्याच वर्षी 60 मुलांवर चाचणी झाली. काहींना सिक्रेटिन दिलं, काहींना सलाईन. दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच. हे कळल्यावरही 69 टक्के पालकांना सिक्रेटिनमध्ये रस होताच. त्यांना हसण्याचं कारण नाही. लेकराने पहिल्यांदा हाताला धरून पाण्यापाशी नेलं तर कुठली आई ते योगायोगावर सोडेल? त्यात स्टेम सेलच्या पॅकेजमध्ये स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीही असते. मग श्रेय सुईलाच का?

‘स्वतःच्याच पेशी, धोका नाही.’ पेशी स्वतःच्या असल्या तरी भूल, हाडात जाणारी सुई आणि कण्यातलं इंजेक्शन यांचे धोके राहतातच, जंतुसंसर्गाचाही. आणि हे मूल ‘डोकं दुखतंय’ असं सांगू शकत नाही. ते डोकं भिंतीवर आपटतं, आणि आपण त्याला ‘बिहेवियर’ म्हणून मोकळे होतो.

‘अशा मुलांवर शास्त्रशुद्ध चाचण्या होऊच शकत नाहीत.’ होतात. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिस्पेरिडोन या औषधाच्या चाचणीत 5 ते 17 वर्षांची 101 मुलं होती. तीव्र आदळआपट, आक्रमकता, स्वतःला इजा करून घेणं, हे त्यांचं रोजचंच. आठ आठवड्यांत औषधाच्या गटातल्या 69 टक्के मुलांनी चांगला प्रतिसाद दिला, निष्क्रिय गोळीवरच्या 12 टक्क्यांनी. वजनवाढीसारखे दुष्परिणामही तिथेच नोंदले गेले. ऑटिझम बरा केल्याचा दावा कोणी केला नाही. खरी तक्रार वेगळी आहे: 2016 मध्ये ऑटिझमच्या नियतकालिकांत आलेल्या अभ्यासांची छाननी झाली तेव्हा सहभागींपैकी 94 टक्क्यांना बौद्धिक अक्षमता नव्हती. संशोधक ज्या घरांत पोचत नाहीत, तिथे पॅकेजवाले पोचतात.

‘सरकारची हरकत नाही.’ आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिझमसाठी स्टेम सेलला मान्यता नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानेही डिसेंबर 2022 मध्ये हा उपचार शिफारसयोग्य नसल्याचं सांगितलं. कोणी ‘हे संशोधन आहे’ म्हणालं, तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागावा, आणि मग बिल कशाचं लावताय तेही विचारावं. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.